ऑइलच्या झाकणाचा तुकडा

बाबांची मोटरसायकल माझ्या हातून बिघडली तेव्हा मला वाईट वाटलं, आणि त्याहून जास्त बरं वाटलं. खोटं कशाला सांगू? बाबा पंच्याहत्तरीला आले होते, उजवा हात थरथरायचा, तरी रोज सकाळी मेहकरहून जानेफळ रस्त्यावरच्या आमच्या शेतात ते गाडीवर एकटे जायचे. गाडी चालवणं सोडा म्हटलं की दोन-दोन दिवस अबोला. शाळामास्तर होते ते. ऐकायची सवय दुसऱ्यांना लावलेली, स्वतःला नाही.

त्या रविवारी अंगणात मी गाडीचं ऑइल बदललं. ऑइल ओतायच्या भोकाला प्लास्टिकचं आट्यांचं झाकण असतं आणि त्यालाच ऑइल मोजायची काडी जोडलेली असते. तिथे जरासा पाझर दिसत होता. आमचं आयुष्य शेतात ठिबकच्या नळ्या जोडण्यात गेलेलं. पाझर दिसला की आट्यांवर टेप गुंडाळायची आणि पान्ह्याने पिळायचं, एवढंच आम्हाला ठाऊक. मी तेच केलं. कट्कन आवाज झाला. झाकणाचं डोकं पान्ह्यात आलं, आटे आणि काडी भोकातच राहिली.

"काय करून राह्यला रे?" बाबा ओट्यावरून उठून आले. वाकून पाहिलं आणि तापलेच. "पाण्याची पाइपलाइन होय का ते? हातानंच कसावं लागते ते. मुद्दाम तोडलं ना तू?"

"नाही बाबा," मी म्हणालो. ते खरंच होतं, पण त्यांच्याकडे बघून मला ते म्हणता आलं नाही.

तुकडा आत पडला तर इंजिन पुरतं खोलावं लागणार, आणि एवढ्या जुन्या गाडीसाठी तो खटाटोप मी करणार नाही, हे आम्हा दोघांनाही माहीत होतं. म्हणजे बाबांचं गाडीवर फिरणं त्या बोटभर प्लास्टिकवर अडलं होतं. मी त्यावर पान्ह्याचा एक ठोका दिला असता तरी तो आत गेला असता. चुकून धक्का लागला म्हटलं असतं तर कोण विचारणार होतं?

ठिबकच्या नळीत जोड तुटून अडकला की तो काढायची रीत बाबांचीच. जुना स्क्रूड्रायव्हर तापवायचा, तुटक्या प्लास्टिकमध्ये रुतवायचा, निवू द्यायचा आणि मग उलटा फिरवायचा. बायकोने चहाचं पातेलं उतरवून गॅस मोकळा करून दिला. "म्हणजे चहा गेला आता," एवढंच म्हणाली.

तापलेला स्क्रूड्रायव्हर बाबांनी माझ्या हातून घेतला. टोक भोकाभोवती फिरत राहिलं, आत काही जाईना. दोनदा इंजिनलाच टेकलं. मग त्यांनी तो मला परत दिला. तुकडा आत ढकलायचा माझा विचार तिथेच गळून पडला. मी आत जाऊन तो पुन्हा तापवून आणला.

टोक हळूच रुतवलं. जळक्या प्लास्टिकचा वास सुटला.

"थंडा होऊ दे," बाबा म्हणाले. "घाई करू नोको."

आम्ही दोघं गाडीपाशी उकिडवे बसून राहिलो. पहिल्या खेपेला स्क्रूड्रायव्हर नुसताच सुटून आला. दुसऱ्या खेपेला आटे करकरले आणि काडीसकट अख्खा तुकडा बाहेर निघाला. "निघालं!" मी ओरडलो. मला खरोखर आनंद झाला होता, आणि नवं झाकण लावून बाबा पुन्हा गाडीवर निघतील याची लगेच धास्तीही वाटली.

बाबांनी तुकडा हातात घेऊन उलटसुलट पाहिला.

"निघू नये असंच वाटत होतं ना तुले?"

मास्तरांपुढे काय लपणार? "हाव," मी कबूल केलं.

ते बराच वेळ चिंधीने तो तुकडा पुसत बसले. आता तो पुसून काही उपयोग नव्हता.

"मलेबी तसंच वाटत होतं," ते म्हणाले. "मांगच्या महिन्यात उतारावर दोनदा ब्रेक दाबता नाही आला मले. पण सांगू कोणाले?"