पेंग्विनांच्या बाजूच्या वासंतीताई

सिंगापूरमधल्या बेडोकच्या बाजारात मासा घेण्याआधी वासंतीताई विचारायच्या, "हा कुठल्या समुद्रातला?" मासेवाला अंकल आधी वैतागायचा. पुढे त्या दिसल्या की आपणहूनच सांगायला लागला.

त्या आमच्याच ब्लॉकमध्ये, वरच्या मजल्यावर राहायच्या. मूळच्या पुण्याच्या, पन्नाशी उलटलेल्या, एकट्या. तरुणपणी अंटार्क्टिकाच्या वाटेवरच्या एका निर्जन बेटावर त्यांनी काही उन्हाळे पेंग्विनांचा अभ्यास केला होता. इथे त्या मासेमारीच्या बोटी चालवणाऱ्या एका कंपनीत सल्लागार म्हणून आल्या. माझी मुलगी एकदा इथल्या इंग्रजीच्या ढंगात म्हणाली, "मावशी, पेंग्विन्स सो क्यूट लाह." ताई म्हणाल्या, "जवळ जाऊन उभी राहा एकदा. वासानं दोन दिवस जेवण जाणार नाही."

कुणी काही ठासून सांगितलं की त्यांचा प्रश्न ठरलेला असे, "ठाऊक आहे, की वाटतंय?" शेअर बाजारावर बोलताना माझा नवरा त्यांच्यासमोर जपूनच बोलायचा.

मग त्या बेटाभोवतीचं सागरी उद्यान वाढवण्याचा प्रस्ताव आला. मासेमारीला बंदी असलेल्या पाण्याची हद्द आणखी पुढे न्यायची होती, आणि कंपनीच्या बोटी नेमक्या तिथेच मासे धरत. ऑनलाइन सुनावणीत ताईंनी बोलावं, असं कंपनीच्या साहेबांनी सांगितलं. आहे तेवढं संरक्षण पुरेसं आहे, एवढंच म्हणायचं होतं.

संध्याकाळी त्या आमच्याकडे आल्या. "पिल्लं बेटावर असतात गं, पण त्यांचे आईबाप खाणं आणायला पार हद्दीबाहेर जातात. आम्ही त्यांच्या पाठीवर यंत्रं लावून बघितलंय. पुरेसं आहे असं कसं म्हणू?"

"ताई, नोकरी गेली तर पासही जाईल," मी म्हटलं. एम्प्लॉयमेंट पासवर, म्हणजे नोकरी असेपर्यंतच्या परवान्यावरच तर त्या इथे राहत होत्या.

"जाईल," त्या म्हणाल्या. "चहा उरलाय का अजून?"

सुनावणीत त्या आमच्या जेवणाच्या टेबलावरून, माझ्या लॅपटॉपवर बोलल्या. आपण कुठल्या कंपनीत आहोत हे त्यांनी आधीच सांगून टाकलं. कुणीतरी विचारलं, "हे तुमच्या कंपनीचं मत आहे का?"

"नाही. ते कंपनी सांगेल. मी पाहिलेलं सांगतेय."

महिन्याभरात नोकरी गेली. त्या आपल्या कुंड्या आमच्या दारात आणून ठेवत होत्या, तेव्हा माझे डोळे भरून आले. त्या म्हणाल्या, "रडतेस कशाला? मला काढलंय, पेंग्विनांना नाही."

त्या ऑस्ट्रेलियातल्या होबार्टला गेल्या, तिथल्या विद्यापीठात काम मिळालं. नंतर निकाल लागला. उद्यान बरंच वाढलं, पण उत्तरेकडचा एक तुकडा बाहेरच राहिला. मी लगेच फोन केला. "एक तुकडा राहिलाच की हो, ताई."

"राहिला ना. तिथलीच माहिती आणायला निघालेय. जहाजावर जागा मिळाली." माझ्याशी बोलताना त्या दुकानात हातमोजे घालून बघत होत्या. "थांब हं, हे बोटांत घट्ट होतायत," असं म्हणून फोन बाजूला ठेवत त्यांनी दुकानदाराला मोठा जोड मागितला.