निरगुडसरच्या देव्हाऱ्यातली खडीसाखर

आक्काकडे जायचं म्हटलं की गेली दोन वर्षं मी काहीतरी कारण पुढे करत होतो. कधी कंपनीत सुट्टी नाही, कधी गाडीचं काम. खरं कारण वेगळंच होतं. दोन वर्षांपूर्वी मला मधुमेह निघाला आणि मागच्या चार महिन्यांपासून जेवणाआधी पोटात इन्सुलिनची सुई सुरू झाली. आमच्या वडिलांना, आबांनाही हाच आजार होता. त्यात त्यांचा पाय गेला. ती जखम रोज धुणारी माझी थोरली बहीण, म्हणजे निरगुडसरला दिलेली आक्का. हिला सांगायचं तर हिच्या डोळ्यांसमोर आबांचाच पाय येणार. सुईची भीती मला कधीच गेली, आक्काच्या तोंडाकडे बघायची भीती मात्र जात नव्हती.

माघात तिचा फोन आला. रविवारी भैरवनाथाला पुरणपोळीचा नैवेद्य आहे, आला नाहीस तर मीच चाकणला येऊन बसते, म्हणाली. सुनंदा, माझी बायको, म्हणाली, जाऊ आणि या खेपेला सांगून टाकू. मी म्हटलं, बघू. मग ठरवलं की जातोच आहोत तर शनिवारी लेण्याद्री, जुन्नरला मुक्काम आणि डिंभ्यावरून निरगुडसर असा फेरा मारू.

शनिवारी सकाळी सहाला मोटारसायकल काढली. थंडी कडक, महामार्ग मोकळा. माझ्यासारख्या मंडळींसाठी एक सांगतो: इन्सुलिनचं पेन गाडीच्या डिकीत कधीच ठेवू नका, उन्हानं डिकी तापते. आम्ही ते स्टीलच्या डब्यात घालतो, डब्याला ओलं फडकं गुंडाळतो, आणि तो डबा सुनंदाच्या पर्समध्ये असतो, बिस्किटांच्या पुड्याशेजारी. नारायणगावला मिसळ खाल्ली, नव्वद रुपये प्लेट. पाव एकच घेतला. दुसऱ्या पावाकडे बघत चहा प्यायलो.

लेण्याद्रीच्या पायऱ्या तीनशेच्या आत-बाहेर आहेत. पाण्याची बाटली हातात धरू नका, माकडं ओढतात. मी तीनदा बसलो, सुनंदा एकदाही नाही. वर गुहेत गार सावली आणि समोर खडकातला गणपती. आजार बरा कर, असं मी देवाला आता म्हणत नाही. या वेळी एवढंच म्हटलं की बाबा, आक्काला सांगायला तोंड दे. प्रसादाच्या पेढ्यातला कण जिभेवर ठेवला आणि बाकीचा सुनंदाला दिला. तिनं तो माझ्याकडे बघत बघत चवीनं खाल्ला.

जुन्नरला स्टँडजवळ नऊशेची स्वच्छ खोली मिळाली. रविवारी सकाळी लवकर घोडेगावमार्गे डिंभ्याला गेलो. रस्त्याला वळणं बरीच, अधूनमधून खड्डे, पण धरणाचं पाणी दिसलं की पाठदुखी विसरते. एसटीचा भरवसा नाही, स्वतःची गाडी असलेली बरी. टपरीवरच्या म्हातारीला बिनसाखरेचा चहा सांगितला, तर तिनं मला खालीवर बघितलं.

"शुगर हाये व्हय, पावणं? आमच्या म्हाताऱ्याला बी हाये. पर सांगायला लई लाजतोय. म्हनलं, आरं, तू काय कुनाच्या कोंबड्या चोरल्यात व्हय?"

सुनंदा इतकी हसली की तिचा चहा सांडला. मंचरपर्यंत मागे बसून ती मधूनच "कोंबड्या" म्हणत होती.

साडेबाराला निरगुडसरला पोचलो. ओसरीत ताटं मांडलेली, भोवती रांगोळी, पुरणाचा वास. आक्कानं तोंडावरून हात फिरवला आणि वाळलास म्हणाली. ताटं पाहून मला वाटलं, आता बसायचंच. मोरीत गेलो, दार लावलं आणि सुई घेऊन टाकली.

बाहेर आलो तेव्हा दाजी, म्हणजे आक्काचे यजमान, नैवेद्य घेऊन मोटारसायकलवरून देवळाकडे निघाले होते. मागे ताट मांडीवर धरून सुनंदा, खांद्याला पर्स, बिस्किटांचा पुडाही त्यातच. तेव्हा डोक्यात लख्ख उजेड पडला. आमच्या फ्लॅटमध्ये देव्हाऱ्यापुढे ताट ठेवायचं, पाणी फिरवायचं, झालं. इथे गावदेवाला नैवेद्य पोचून माणूस परत आल्याशिवाय कुणी घास मोडत नाही. लहानपणी हे मला पाठ होतं. शहरात राहून विसरलो.

देऊळ दहा मिनिटांवर. पण वाटेत लाईट आलेली दिसली आणि दाजी कांद्याला पाणी सोडायला विहिरीवरच्या मोटारीकडे वळले, हे मला नंतर कळलं. अर्धा तास गेला. सुई घेऊन जेवलं नाही की अंगातली साखर भराभर उतरते, तसंच झालं. मान घामानं भिजली, बोटं थरथरायला लागली. पुरणपोळी चार हातांवर झाकलेली, आणि मी देवाआधी ती मागू कशी? शेवटी भिंतीला टेकून बसलो आणि म्हटलं, "आक्का, थोडी साखर दे."

तिनं एकदाच माझ्याकडे बघितलं. स्वयंपाकघरात गेलीच नाही. देव्हाऱ्यातली खडीसाखरेची वाटी उचलली आणि स्वतःच्या हातानं माझ्या तोंडात घातली. मग ताट ओढून पोळी वाढली.

"कधीपासून?"

"दोन वर्षं."

"सुई बी?"

मी मान हलवली. ती रडेल म्हणून मी खाली बघत होतो. ती रडली नाही.

"आबांचा पाय मी धुतला, तू न्हाई. भ्यायचं तर मी भ्यायचं. तू कशापायी लपून बसला?"

थोड्या वेळानं थरथर थांबली. मी म्हटलं, "देवाआधी जेवलो गं."

"जेव. त्याला कुठं सुई टोचायचीये?"

दाजी आले तेव्हा माझं अर्धं ताट झालं होतं. म्हणाले, "राव, देवानं हात धुवायच्या आत तुमी उरकलं." आक्कानं मग साऱ्या पंगतीला सगळं सांगितलं, आबांचंही. दोन वर्षं जे माझ्या तोंडातून निघत नव्हतं ते तिनं भात वाढता वाढता सांगून टाकलं. आणि दाजींना सुनावलं, मोटार नंतर चालू केली असती तर कांदा काही मेला नसता.

घरी येऊन तीन आठवडे झाले. निघताना आक्कानं ती खडीसाखर पुडीत बांधून दिली. ती आमच्या देव्हाऱ्यात असते, बाहेर पडताना खिशात येते. अजून उघडायची वेळ आलेली नाही. आणि आता रोज रात्री आठला आक्काचा फोन येतो.

"सुई घेतली न्हाई ना अजून? ताट समोर आलंय का?"

मी वाटी ताटावर वाजवून दाखवतो. मग ती फोन ठेवते.