आखूड भरलेल्या गोधड्या

साहेबांनी गोधडीवर टेप पुन्हा लावला. पुन्हा तेच. लांबीला वीतभर कमी. दुसरी उलगडली, तीही कमी.

"गायकवाडबाई, कापड पूर्ण दिलं होतं ना?"

मी हो म्हटलं. कापडाच्या कपाटाची किल्ली माझ्याकडेच असायची, त्यामुळे त्या प्रश्नात मीही आले, हे मला कळलं.

ऐंशीच्या दशकातली गोष्ट. मी पोलादपूरला बायकांच्या शिवण केंद्रात शिकवत होते; साहेब केंद्राचे प्रमुख. महाडहून रोज एसटीने यायचे. महाबळेश्वरच्या एका हॉटेलने गोधड्यांची ऑर्डर दिली होती. वरून जुन्या लुगड्यांचे तुकडे, खालून अस्तर फ्लीसचं. फ्लीस म्हणजे होजिअरीचं जाड कापड, बनियनसारखं विणलेलं, पण एका बाजूने लव काढून मऊ केलेलं. मुंबईहून एक्स्पोर्टच्या मालातला उरलेला तागा साहेबांनी मिळवला होता. आत वेगळा थर घालावा लागत नाही, तरी ऊब मिळते, म्हणून हॉटेलवाले खूष होते. पहिल्या गोधड्या पोचल्या आणि परत आल्या. आखूड आहेत, वरच्या कापडाला चुण्या पडल्यात, मॅनेजरने कळवलं. माल सुधारून द्या, नाहीतर ऑर्डर रद्द.

साहेबांचं मत लगेच ठरलं. बायका अस्तर कमी कापतात आणि उरलेलं घरी नेतात. मी म्हटलं, असं नसेल. पण मलाही खात्री नव्हती. त्याच आठवड्यात शेवंताबाईंच्या वाडीवर गेले होते. त्या आमच्यातल्या सगळ्यात जुन्या, हात सफाईचा. त्यांच्या नातवाच्या अंगात निळं झबलं होतं, आतून लव असलेलं. आमचंच कापड. तेव्हा मी काही बोलले नाही. परत येताना मात्र तेच डोक्यात होतं. पुढचे काही दिवस मी त्यांच्या हाताकडे बघत राहिले. कात्री कुठे लावतात, तुकडा कुठे ठेवतात. त्यांच्या ते लक्षात आलं असावं. त्या माझ्याशी कामापुरतंच बोलू लागल्या.

झबल्याची गोष्ट साहेबांच्याही कानावर गेली. कोणी सांगितली, मला कळलं नाही. त्यांनी शेवंताबाईंना सगळ्यांसमोर विचारलं.

"कापड मी नाय नेलं," त्या म्हणाल्या. "काठाची कातरण नेली. ती कचऱ्यातच जात होती."

"आज कातरण, उद्या तागा," साहेब म्हणाले. उद्यापासून येऊ नका, असंही म्हणाले.

मला एक गोष्ट खटकली. कापड चोरीला गेलं असेल तर ताग्यात कमी पडायला हवं. मी कपाट उघडलं आणि उरलेला तागा सगळ्यांसमोर जमिनीवर उलगडून मापला. उरायला हवं होतं त्यापेक्षा कापड जास्तच भरलं.

साहेबांनी टेपवरचा आकडा पुन्हा वाचला. मग म्हणाले, "पण गोधड्या आखूड का?"

मी शेवंताबाईंना म्हटलं, नेहमी अंथरता तसं अस्तर अंथरा. त्यांनी दोन बायका दोन टोकांना बसवल्या. चुणी राहू नये म्हणून कापड घट्ट ओढलं आणि कडांवर दगड ठेवले. लुगडं असंच अंथरतात. लुगडं ताणलं तरी वाढत नाही. मी खडूने दोन्ही टोकांच्या खुणा जमिनीवर केल्या आणि दगड काढायला सांगितले. कापड दोन्ही बाजूंनी आत सरकलं. साहेबांनी वाकून बघितलं. मग स्वतः ओढून बघितलं.

ताणलेलं अस्तर मापाला बरोबर यायचं, म्हणून ताग्यातून कमीच कापलं जायचं. त्यावर टाके पडायचे. दगड काढले की ते आखडायचं आणि वरच्या लुगड्याला चुण्या पडायच्या. शिकवणारी मी होते, पण असं कापड आधी माझ्याही हातात आलं नव्हतं.

आम्ही सगळे टाके उसवले. कापड उलगडून रात्रभर तसंच मोकळं ठेवलं, सकाळी न ओढता अंथरलं, आणि जिथे कमी पडलं तिथे उरलेल्या फ्लीसची पट्टी जोडली. हॉटेलने माल घेतला, उशीर झाल्याबद्दल चार शब्द सुनावून.

साहेबांनी शेवंताबाईंची माफी मागितली नाही. "कामावर या," एवढंच सांगितलं. त्या आल्या. पण त्या दिवसापासून घरी निघताना त्या माझ्यासमोर पिशवी उलटी करून झटकायच्या. डबा, चष्मा, तंबाखूची चंची. मी नको म्हणायचे.

"असू द्या बाई. बघून घ्या," त्या म्हणायच्या.

केंद्र बंद होईपर्यंत हे चाललं.

पुढे नोकरीत पुष्कळ नवी कापडं हाताखालून गेली. प्रत्येक वेळी आधी मी कापड ओढून सोडून बघायचे. माणसांना विचारायचं ते त्यानंतर.