लेकरांच्या मागे फिरलेला मुक्काम

वहिनी गेल्याची बातमी मला खामगावच्या बाजारात मिळाली. मी वांगी निवडत होतो. चिखलीहून आलेल्या एका ओळखीच्या माणसाने खांद्यावर हात ठेवून सांगितलं, आणि मी तसाच एस.टी.कडे पळालो. चिखलीला दादाच्या दारात पोचल्यावर लक्षात आलं, वांग्यांची पिशवी हातातच आहे. मयताच्या घरी भाजी घेऊन जाणारा जिल्ह्यातला मी बहुधा पहिलाच. ओट्यावरची माणसं पिशवीकडे बघत होती, मी ती ठेवायला जागा शोधत होतो... आणि माझी ही फजिती बघून तोंडाला पदर लावून जी हमखास हसली असती, तीच आत निजलेली होती.

कमलवहिनी माझ्या थोरल्या भावाची बायको. महाराष्ट्र राज्य नवंनवं होतं तेव्हा मी इंटरला दुसऱ्यांदा आपटून दादाच्या कापडदुकानात गज घेऊन बसायचो, आणि राहायचो त्यांच्याच घरी. त्या घरात वर्षातून एकदा एक चमत्कारिक प्रकार व्हायचा. कापसाच्या गाड्यांवरची जुनी ताडपत्री शिवून वहिनींनी एक पाल केलं होतं. ते घेऊन सगळ्या घरादाराने एक रात्र रानात मुक्कामाला जायचं. देव नाही, नवस नाही, कुणाचं लग्न नाही. दादा दरवर्षी विचारायचा, "अवं, घर असून रानात झोपाले आपुन काय फरार हावो का?" वहिनी म्हणायच्या, "घरात सारे आपापल्या कोपऱ्यात झोपते. पालात कोपराच नाई."

पण पोरं मोठी झाली तशी त्यांची कामं वाढली. थोरली शकू चित्रकलेच्या मागे, मधला विनू कबड्डीच्या, धाकटा बाळू शाळेच्या लेझीम पथकात. एकाला सुट्टी असली की दुसऱ्याचा सराव. त्या हिवाळ्यात तर कहर झाला. शनिवारी विनूचा सामना जानेफळला, रविवारी शकूची चित्रकलेची परीक्षा मेहकरला, सोमवारी सकाळी बाळूचं लेझीम चिखलीत. दादाने निकाल दिला, "यंदा मुक्काम बंद." वहिनी एरवी दादाच्या शब्दापुढे जायच्या नाहीत. त्या दिवशी गेल्या. पुढल्या जूनमध्ये शकू शिकायला अमरावतीला जायची होती. तिन्ही लेकरं एका पालाखाली झोपायची ती शेवटची संधी, हे घरात फक्त त्यांनीच ओळखलं होतं. "लेकरायचं काईच बुडवायचं नाई," त्या म्हणाल्या, "अन् मुक्कामबी बुडवायचा नाई. जिथं लेकरं, तिथं मुक्काम."

जानेफळ वहिनींचं माहेर. मुक्काम त्यांच्या भावाच्या, रामभाऊंच्या शेतात ठरला. माहेरची माणसं रुसली, घर सोडून लेक शेतात झोपणार म्हणून! पाल ठोकायचं काम मी छातीवर हात मारून घेतलं. शनिवारी विनूचा संघ हरला, विनू गुडघे फोडून आला आणि शेतात पाल उलगडताना मला कळलं की खुंट्या चिखलीतच राहिल्या. मी हार मानणारा नव्हतो. एका बाजूचे दोर बाभळीला बांधले, दुसऱ्या बाजूचे रामभाऊंच्या उभ्या बैलगाडीला. पाल असं ताठ उभं राहिलं की दादासुद्धा म्हणाला, "जमलं बे तुले!" ती रात्र सगळ्यांना सुखाची गेली. शकू मध्ये, दोन भाऊ दोन बाजूंना, आणि वहिनी एकेकाच्या अंगावरचं पांघरूण उगीचच सारखं करत होत्या.

सकाळी शकूला मेहकरची बस गाठून द्यायची म्हणून रामभाऊंनी अंधारातच बैल जुंपले. शकू फळा-कागद घेऊन गाडीत बसली. मी गाढ झोपेत. एकाएकी अंगावर गार वारा आला. डोळे उघडले तर वर आभाळ, आणि आमचं पाल गाडीमागे तुरीच्या शेतातून फरफटत चाललेलं! दादा अर्धवट झोपेत ओरडला, "कोन हाये बे? पकडा, पकडा!" बैल थांबले. मी दोर सोडायला धावलो. मात्र माझी गाठ, मी आदल्या दिवशी बढाई मारल्याप्रमाणे, खरंच सुटेना. बसची वेळ होत आलेली, शकूच्या डोळ्यांत पाणी.

"सोडत नका बसू, भाऊजी!" वहिनी ओरडल्या. "बाभळीकडचे दोर तर तुटलेच. पाल टाका गाडीत अन् बसा सारेच!" भिजवलेल्या कणकेचं पातेलं मांडीवर घेऊन त्या चढल्या. आम्ही कुणी नुसत्या बनियनवर, कुणी अनवाणी. बस मिळाली, आणि शकूला एकटीला बसवून परत फिरायचं सोडून वहिनींनी सगळं बिऱ्हाड बसमध्ये कोंबलं. पाल टपावर.

मेहकरात शाळेसमोरच्या मोकळ्या जागेत दोन कडुलिंबांच्या मध्ये पाल उभं राहिलं. वहिनींनी गोवऱ्या मिळवल्या, शेतात भाजायचे रोडगे तिथेच भाजायला घेतले. येणाऱ्या-जाणाऱ्यांना वाटलं, जडीबुटीवाला वैदू उतरला. एक म्हातारा थेट माझ्यापुढे येऊन बसला, "कंबर लय दुखून राह्यली." आता समोर आलेल्या गिऱ्हाइकाला नाही म्हणायची दुकानात सवय नव्हती. मी त्याची जीभ बघितली, नाडी धरली. मागून आवाज आला, "भाऊजी, गाठ सोडता येत नाई अन् नाडी पाहून राह्यले!"

परीक्षा सुटली. शकू चार मैत्रिणींबरोबर फाटकातून बाहेर आली आणि जागीच थांबली. समोर तिचा बाप नुसत्या बनियनवर, काका वैदू, भाऊ धुरात लेझीम खेळतोय. मला तिची धास्ती समजत होती. वहिनींनाही. त्यांनी हाक मारली नाही, नुसत्या रोडगे उलटवत राहिल्या, मान खाली घालून. एका पोरीने विचारलं, "कोन लोकं हायेत वं हे?" शकूने एकदा आईकडे बघितलं. मग म्हणाली, "आमचं घर हाये. या, रोडगे खाऊन जा." वहिनींनी मान वर केली नाही, धुराचं निमित्त करून डोळे तेवढे पुसले. संध्याकाळच्या बसने आम्ही चिखलीला परतलो. बाळूचं लेझीम चुकलं नाही.

पुढे वहिनी तशाच वागल्या. अमरावतीला शकूच्या वसतिगृहात, अकोल्याला विनूच्या खोलीवर, बाळूच्या नोकरीच्या गावी... लेकरांना "घरी या" म्हणून त्यांनी कधी पेचात टाकलं नाही. शिदोरी बांधली की निघाल्या. दादा मागे राहून कुरकुरायचा.

तेरावं झालं, तिघं पोरं निघायची. तिघांनाही कामं, आणि तिघांनाही पाय उचलवेना. म्हाताऱ्याला एकटं कसं टाकायचं? दादाच म्हणाला, "तुमी काऊन थांबून राह्यले? तुमचं बुडते. मीच येतो."

मला वाटलं, बोलायचं म्हणून बोलला. पण परवा त्याला स्टँडवर सोडायला मीच गेलो. शकूच्या मुलाला शाळेच्या नाटकात झाडाचं काम मिळालंय. झाडाला बोलायचं काही नाही, नुसतं उभं राहायचं. मी म्हटलं, "दादा, पुढच्या गाडीनं जा. हिला लई गर्दी हाये."

दादा खिडकीतून खेकसला, "उशीर कसा करू बे? पोराचा कार्यक्रम हाये!"