बारा पावलांवरची ओळ

पेंटरची कोणाशी मैत्री होईल, असं गावात कोणी पैजेवरही म्हटलं नसतं. साठी उलटलेला हा माणूस दुकानांच्या पाट्या रंगवायचा, पण शिडीवर पाय ठेवायचा नाही. पाटी उतरवून त्याच्या खोलीवर आणून द्या, मग बोला. लोक म्हणायचे, "पेंटर आहे की डॉक्टर? पेशंट इथेच आणा म्हणतो!" ऐकून न ऐकल्यासारखं करण्यात त्याचा हातखंडा होता. एकच आवाज असा होता की तो त्याला टाळता यायचा नाही.

मग मोजणीवाले आले. जन्मभर लोकांच्या जमिनी मोजून निवृत्त झालेले, आता लेकीकडे राहायला आलेले. बागेतल्या बाकावर ओळख झाली, आठवड्याभरात चहा सुरू झाला, आणि एका रविवारी दुपारी पेंटर आपण होऊन म्हणाला, "चला, तुम्हाला आमचं गाव दाखवतो."

दाखवलं म्हणजे काय, पाट्या दाखवल्या. न्हाव्याच्या दुकानासमोर तो थांबला. "इथे आधी छत्रीवाला होता. त्याच्या नावावरच मी न्हाव्याचं नाव चढवलं. उन्हं तिरपी झाली की छत्रीवाला खालून डोकावतो, बघा." खरंच डोकावत होता. औषधाच्या दुकानाखाली शिंपी होता, शिंप्याखाली दूधवाला. मेलेलं गाव जिवंत गावाच्या रंगाखाली गुमान बसलं होतं. मोजणीवाल्यांच्या अंगावर काटा आला, आणि खरं सांगायचं तर त्यांना ते आवडलंही.

पण त्यांचे पाय सवयीने मोजत होते. चौकात परत आल्यावर ते म्हणाले, "पेंटर, टपाल कार्यालयातून इथे यायला ही गल्ली सरळ पडते. आपण तिला तीनदा वळसा घातला. काय आहे तिथे?"

"काही नाही. साबणाचा बंद कारखाना."

"मग चला की!"

चौतीस वर्षांत हे त्याला कोणी विचारलंच नव्हतं. गावाला कारण ठाऊक होतं, निदान गावाला तसं वाटत होतं. आता सांगायचं तर तेच खोटं पुन्हा सांगावं लागणार, आणि एवढ्या वर्षांनी मिळालेल्या या एका माणसाशी खोटं बोलायला त्याची जीभ रेटेना. तो गल्लीत शिरला.

कारखान्याची भिंत दोन मजले उंच होती. वर विटक्या निळ्या अक्षरांत 'शुद्ध साबण, घाऊक व किरकोळ' असं लिहिलेलं. शेवटचं अक्षर नुसतं आखलेलं होतं, त्यात रंग भरायचा राहिला होता.

"माझ्या थोरल्या भावाचं काम," पेंटर म्हणाला. "दादाला दोरी मारून ओळ आखणं कमीपणाचं वाटायचं. म्हणायचा, माझा डोळा हीच दोरी. मी खाली शिडी धरायचो. आमच्यात नियम एकच, वरचा उतरल्याशिवाय खालच्याने शिडी सोडायची नाही. मग आभाळ का कोसळेना."

तो आता भराभर बोलू लागला.

"शिडी घसरली आणि दादा गेला, असं मी सगळ्यांना सांगितलं. आई तेच खरं मानून गेली. शिडी आपोआप घसरली नाही हो. दादाने वरून विचारलं, 'बघ रे, ओळ सरळ आलीय का?' भिंतीला नाक लावून ते कसं दिसणार? तो उतरेपर्यंत थांबायचा मला कंटाळा आला. मी शिडी सोडून मागे निघालो. बारा पावलं. वळतोय तोच आवाज झाला."

मोजणीवाले 'तुमची काय चूक' असं म्हणाले नाहीत, ते बरंच झालं. चूक होतीच.

"अजून विचारतो तो," पेंटर म्हणाला. "भर दुपारी, खोलीत मी एकटा असताना. ब्रश उचलला की 'बघ रे' म्हणतो. आत्ताही विचारतोय."

"मग तुम्ही काय सांगता?"

"काय सांगणार? मला माझे हात दिसतात, शिडी दिसते. ओळ मी कधी बघितलीच नाही."

मोजणीवाले भिंतीकडे तोंड करून एकेक पाऊल मागे सरकत गेले. बाराव्या पावलाला थांबले आणि त्यांनी एक डोळा मिटला. "इकडे या."

पेंटर भिंतीपाशीच थांबला. मोजणीवाल्यांनी पुढे होऊन त्याचा दंड धरला आणि त्याला तिथवर आणलं. त्याने मान वर केली.

'घाऊक'पर्यंत ओळ सुतासारखी सरळ होती. 'किरकोळ'पाशी ती बोटभर खाली आली होती. म्हणजे दादाला वर उभ्याउभ्या शंका आली होती, म्हणूनच तर त्याने विचारलं.

 मग ओठांवरून जीभ फिरवून, वर कोणी उभं असल्यासारखा पेंटर मोठ्याने बोलला.

"शेवटाला जरा उतरलीय, दादा. तू आधी खाली ये. मी शिडी धरलीय."