बाभळीच्या काट्या
काल कॉलनीच्या तोंडाशी नवं लोखंडी गेट बसवलं, त्याच्या ओल्या ऑइलपेंटचा वास आला आणि मला बाभळीच्या काट्या आठवल्या. नामांतरावरून सगळा मराठवाडा तापलेला होता तेव्हाची गोष्ट. परभणीच्या कडेला आखलेल्या या कॉलनीतला रुंद रस्ता नकाशाप्रमाणे मागच्या आमच्या बौद्धवस्तीपर्यंत येत होता. वहिनीला कळा सुरू झाल्या म्हणून आई आणि मी तिला ऑटोत घालून दवाखान्यात निघालो, तर रस्त्यावर आडव्या काट्या टाकलेल्या, शेताची वाट अडवतात तशा. कोपऱ्यावरचे रिटायर साहेब ओट्यावर चहा पीत बसले होते. म्हणाले, "रेल्वे फाटकाकडून जा. इथं ट्राफिक लय वाढलंय, लेकरं खेळायलीत." कुठलं आलंय ट्राफिक? रस्त्यावर आमच्या ऑटोशिवाय एक शेळी तेवढी होती. "साहेब, सून अडलीय माझी, अन् फाटक लागलेलं हाय," आई म्हणाली. त्यांनी बशीत चहा ओतला. मग आई उतरली आणि तिनं नुसत्या हातांनी काट्या ओढून बाजूला केल्या. ओट्यावरून कोणी उठलं नाही. दवाखान्यात नर्सनं बाळ आईच्या हातात दिलं, तेव्हा दुपट्याला जे रक्त लागलं ते आईच्या तळहाताचं होतं. आता साहेबांच्या घरावर तीन मजले चढलेत आणि त्यांच्याच गाड्यांनी निम्मा रस्ता अडवलाय. गेटवर पाटी लावलीय, वाढत्या ट्राफिकमुळे बाहेरच्यांना प्रवेश बंद. आज सकाळी त्या बाळाची लेकरं रेल्वे फाटकाकडून वळसा घालून शाळेत गेली.