पडायचं गाणं

वरातीत सगळ्यात वाईट जागा बेंजोवाल्याची. नवरदेवाला घोडी असते, पाहुण्यांना मांडवाची सावली असते, ताशावाल्याला निदान इकडंतिकडं हलता येतं. मी मात्र टेम्पोच्या हौद्यात, प्लास्टिकच्या स्टुलावर, मागं तोंड करून बसलेला. गाडी पुढं चाललेली आणि मी उलटा. पण त्या जागेवरून एक गोष्ट दिसते, जी दुसऱ्या कुणाला दिसत नाही. नाचणारे एकमेकांचे पाय बघतात, बायका नवरदेवाकडं बघतात, व्हिडिओवाला पैसेवाल्या पाहुण्यांकडं बघतो. चेहरे फक्त मी बघतो. मिरजगावात आमची बेंजो पार्टी सुरू झाली तेव्हा मला मिशीही धड फुटली नव्हती, तेव्हापासून मी हेच बघत आलोय. लोक म्हणतात, मामा गप्प असतो, घुमा आहे. एवढे चेहरे बघितल्यावर तुम्हीही घुमे झाला असता.

त्या गाण्याचं खरं नाव वेगळं आहे. आमच्याकडं त्याला ‘पडायचं गाणं’ म्हणतात. कॅसेटचा जमाना होता तेव्हा ते आलं. प्रत्येक स्टँडवर कॅसेटचं एक तरी दुकान असायचं आणि त्यात गावोगावच्या गायकांची गाणी मिळायची. हे गाणं होतं भर चौकात कापल्या गेलेल्या एका माणसाचं. त्याच्या दोस्तानं ते बांधलं आणि स्वतःच गायलं, असं सांगायचे. तो माणूस कुठला, हे कुणी नीट सांगत नसे. जामखेडची माणसं म्हणायची बीडकडचा, बीडची म्हणायची नगरकडचा. खुनासारखी गोष्ट कुणी आपल्या गावात ठेवून घेत नाही.

दुसरं कडवं संपलं की गाणारा थांबायचा. ढोलकी थांबायची, सगळंच थांबायचं. टेपची नुसती खरखर ऐकू यायची. तो थांबा म्हणजेच वार. मग दोस्त त्या मेलेल्याला हाक मारायचा, ऊठ म्हणायचा, ढोलकी पुन्हा सुरू व्हायची आणि गाण्यातला तो माणूस उठून बसायचा. म्हणजे मुळात ते रडगाणंच. आमच्या लोकांनी त्याला नाचायला घेतलं.

कॅसेट गेली, सीडी आली, मग मेमरी कार्ड, मग डीजे. शब्द झिजत गेले. चौक गेला, दोस्त गेला, मेलेल्याचं नाव गेलं. बेंजोला तर शब्द नसतातच, नुसती चाल. पण तो थांबा कुणी काढला नाही. कुठल्याशा वरातीत कुणीतरी त्या थांब्याला रस्त्यावर आडवं पडलं आणि मग सगळीकडं तीच रीत पडली. थांबा आला की सगळे नाचणारे होते त्या जागी पडायचे. पांढऱ्या पायजम्यातले चुलते पडायचे, गॉगलवाली पोरं पडायची. थांबा किती लांबवायचा हे ताशावाल्याच्या हातात. त्यानं ताशावर काडी टाकली की सगळे एकदम उठून नाचायला लागायचे. मजा वाटायची लोकांना.

मला कधीच मजा वाटली नाही. वरून बघितलं की रस्ता भरून माणसं पडलेली दिसायची, तोंडं आभाळाकडं, डोळे मिटलेले, आणि सगळ्यांचे चेहरे एकसारखे. कोण कुणाचा भाऊ, कोण पाहुणा, ओळखू यायचं नाही. मांडवातली तान्ही पोरं नेमकी त्याच वेळी रडायची. घोडीवाला तर आधीच सांगून ठेवायचा की ते गाणं असेल तर मी घोडी मागं घेतो, ती कान पाडती. त्या गाण्यानंतर भांडणंही फार व्हायची. कर्जतकडं एकाचं डोकं फुटलं, खर्ड्याजवळ एकाचा डोळा गेला. गाण्याला काय दोष, पोटात दारू होती, असं सगळे म्हणायचे. मीही म्हणायचो.

मग माझ्या बहिणीच्या गावात, तिच्या चुलतदिराच्या लग्नात, आम्ही वाजवायला गेलो. ऊन उतरायची वेळ होती. माझा मेव्हणा नाचायला वस्ताद. पोरगं कडेवर घेऊन नाचत होता. पडायचं गाणं लागलं तसं त्यानं पोराला वर उचलून माझ्या शेजारी टेम्पोत बसवलं आणि म्हणाला, “पाव्हणं, धरा जरा, पडून येतो.” थांबा आला. सगळे पडले. ताशावाल्यानं काडी टाकली, सगळे उठले, मेव्हणा उठला नाही. पोरं हसायला लागली, नाटकं करतोय म्हणाली. एकानं गमतीनं त्याचे पाय धरून ओढले. मग ताशावाल्याचा हात थांबला. त्याला पायजम्यावरचा रंग दिसला होता.

ज्यानं केलं तो त्याच आळीतला. यात्रेत कधीतरी बाचाबाची झाली होती, एवढंच कारण. तो मेव्हण्याच्या शेजारी जाऊन पडला होता. सगळे पडलेले असताना शेजारचा काय करतोय हे कोण बघणार? मीही पोराला सांभाळत होतो. पण शेजारी कोण पडला होता ते मला वरून दिसलं होतं, तेवढं मी पोलिसांना सांगितलं, कोर्टातही सांगितलं. त्याला शिक्षा झाली. त्या दिवसापासून आमच्या पार्टीनं ते गाणं वाजवलं नाही. किती फर्माइशी आल्या, किती नवरदेवांच्या दोस्तांनी बिदागी कापायची धमकी दिली. मी बेंजोवर फडकं टाकून खाली उतरायचो.

टेम्पोत माझ्याजवळ बसलेलं ते पोरगं म्हणजे माझा भाचा. आता तो कारखान्यावर नोकरीला आहे. यंदा त्याचं लग्न ठरलं. वाजंत्री मामाची, हे सांगायची गरज नव्हती. पण लग्नाच्या आधी तो मिरजगावला आला, आमच्या पार्टीच्या दुकानातल्या बाकड्यावर बसला आणि चहा संपल्यावर म्हणाला, “मामा, परण्याला ते गाणं वाजवा.”

परण्या म्हणजे लग्न लागायच्या आधी नवरदेव घोडीवर बसून मारुतीच्या पाया पडायला निघतो ती मिरवणूक. सगळं गाव त्यात असतं.

“कोणतं?” मी विचारलं. मला कळलं होतं.

“पडायचं. मी घोडीवरून उतरनार, पडनार अन् उठनार. गावाला दाखवायचंय मला.”

“तुझ्या बापाच्या जागेवर आडवा पडणार तू? डोकं फिरलंय का?” मी ओरडलो. असा ओरडलो की बाहेर ताशा शेकत बसलेला आमचा ताशावाला उठून आत आला. मला राग आला होता आणि त्याहून जास्त भीती वाटत होती, कारण ज्यानं त्याच्या बापाला मारलं तो शिक्षा भोगून गावात परत आला होता. मारुतीच्या वाटेवरच त्याचं घर. आता डेअरीवर दुधाचे कॅन उचलायचा. गावानं त्याला वाळीतही टाकलं नव्हतं, जवळही केलं नव्हतं. परण्या त्याच्या दारावरून जाणार होता.

“तुझ्या आईला ठाऊक आहे का हे?”

“तिलाच इचारा,” भाचा म्हणाला आणि गाडीला किक मारून गेला.

मी दुसऱ्या दिवशी बहिणीकडं गेलो. ती अंगणात हळदीची भांडी घासत होती. मनात म्हटलं होतं, हिच्या एका शब्दानं हे खूळ संपेल. तिनं हात धुतले, पदराला पुसले, आणि म्हणाली, “दादा, वाजीव तू.”

“अगं, तुला कळतंय का काय बोलतीस?”

“तू बंद केलंस. तुझं बरं हाय. पर ते बंद झालं का? पिठाच्या गिरणीत लागतंय, यात्रेत लागतंय, उसाच्या ट्रॅक्टरवर लागतंय. अन् मी दिसले की लोक घाईघाईनं बंद करत्यात. बिचारी, हिच्यासमोर नको म्हणून. इतकी वर्सं झाली, दादा, मी ते कवा पुरं ऐकलं न्हाई. जाईन तिथं थांब्यापाशी बंद पडतंय. आमचे हे आपले पडलेलेच. उठायची ओळ येतच न्हाई.”

मी तिच्याकडं पाठ केली. मला रडू येईल असं वाटत होतं आणि ते तिच्यासमोर नको होतं.

“मला ते शेवटापतोर ऐकायचंय,” ती म्हणाली. “पोरगं पडंल अन् उठंल. ते मी डोळ्यानं बघनार हाय.”

“आणि नाही उठलं तर?”

तिनं पुन्हा भांडं उचललं. “तू वर बसतूस ना? तू बघ की.”

परण्याच्या दिवशी मी काय काय केलं ते सांगायला लाज वाटत नाही. भाच्याच्या चार दोस्तांना बाजूला घेतलं आणि सांगितलं की तुम्ही पडायचं नाही, त्याच्या भोवती उभं राहायचं. ते हो म्हणाले. ताशावाल्याला सांगितलं, थांबा अजिबात लांबवू नकोस, श्वास घेतला की काडी टाक. त्यानं मान हलवली. सबंध रस्ताभर मी बेंजो वाजवत होतो पण कान दुसरीकडंच होते.

ज्यानं केलं त्याच्या घरापाशी आलो तर दार बंद. मला बरं वाटलं. पुढं पारापाशी रस्ता रुंद होतो, तिथं भाचा घोडीवरून उतरला. बाशिंग काढून करवलीच्या हातात दिलं आणि माझ्याकडं बघून मान हलवली. बहीण बायकांतून निघून टेम्पोच्या फाळक्याशी येऊन उभी राहिली होती, अगदी माझ्या गुडघ्यापाशी. मी चाल धरली.

इतक्या वर्षांत बोटं विसरली असतील असं वाटलं होतं. बोटं काही विसरत नाहीत. पहिल्याच सुरांना गावातली म्हातारी माणसं चपापली, एकमेकांकडं बघू लागली. पोरांना काही माहीत नव्हतं, ती शिट्ट्या मारत आत घुसली. पहिलं कडवं गेलं. दुसरं गेलं. मी चेहरे बघत होतो आणि ते पुन्हा तसेच होत चालले होते, एकाच साच्यातले, मुलाच्या चेहऱ्यात बापाचा, बापाच्या चेहऱ्यात शेजाऱ्याचा. थांबा आला. सगळे पडले. आणि ते चार दोस्त, ज्यांना मी बजावून ठेवलं होतं, तेही पडले. त्यांना मी दोष देत नाही. त्या गाण्यात उभं राहणं कुणाला जमलेलं मी पाहिलेलं नाही.

ताशावाल्याची काडी पडेना. मी मागं वळून बघितलं तर तो हात वर धरून तसाच, तोंड उघडं, रस्त्याकडं बघत. मी परत रस्त्याकडं बघितलं. सगळं गाव आडवं. घोडी कान पाडून उभी. आणि त्या सगळ्यांच्या मधोमध एक माणूस उभा होता. दाराआड होता तो कधी बाहेर आला, कधी गर्दीत शिरला, मला कळलं नाही. डोक्यावर केस उरले नव्हते, अंगावर डेअरीचा मळका सदरा. तो भाच्याच्या पायाशी उभा राहून खाली बघत होता. हात मोकळे होते की नव्हते, मला दिसेना, त्यानं ते मागं धरले होते. मेव्हणा पडला होता ती हीच जागा.  बहिणीनं माझा गुडघा एवढा घट्ट धरला की तिची नखं रुतली.

मग तो खाली वाकला.

त्यानं हात पुढं केला, रिकामा. भाच्यानं डोळे उघडले. दोघं किती वेळ एकमेकांकडं बघत होते, मला सांगता येणार नाही. भाच्यानं तो हात धरला नाही. त्यानं जमिनीला तळवे टेकले आणि स्वतःच्या जोरावर उठला. तो उठला तशी ताशावाल्याची काडी पडली आणि सगळा रस्ता एकदम उठून नाचायला लागला. त्या धुरळ्यात तो माणूस दिसेनासा झाला. माझी बोटं आपोआप चालू झाली होती.

पुढं एकच कडवं असतं, तेही अर्धं. पटकन संपतं. नाचणाऱ्यांचे पाय अजून हवेत होते तोवर मी शेवटचा सूर वाजवून हात उचलला. पोरं ओरडली, वन्स मोअर, वन्स मोअर.

बहिणीनं माझा गुडघा सोडला नव्हता. तिनं वर माझ्याकडं बघितलं. तिच्या डोळ्यांत पाणी नव्हतं, कसलंतरी मोठं आश्चर्य होतं.

“संपलं?” तिनं विचारलं.

“हं.”

“एवढंच हुतं व्हय रं दादा? एवढंच उठायचं ऱ्हायलं हुतं त्यांचं?”